गोऱ्हा कोणत्या गायीचा?

ताईनं बैलाची शेपटी बुडापाशी धरली आणि एकेक मणका चाचपत बोटं खाली नेली. जपमाळ ओढावी तशी. पांढऱ्या बैलाची शेपटी सरळ निघाली. दुसऱ्याच्या, कबऱ्याच्या शेपटीत मधेच तिची बोटं थांबली. तिथं हाड वळलेलं होतं आणि वर सुपारीएवढी गाठ होती.

“हे कधीचं, मामाजी?”

“माह्याकडचं नाही ते. बाजारातून आणला तवाच होतं. आधीच्या धुरकऱ्यानं पिळली असन.”

ताई काही बोलली नाही. तिनं शेपटी सोडली, कबऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मानेकडे वळली. बैलानं कान हलवला, एवढंच.

पौषातली संध्याकाळ होती. आमच्या मामाजींचं गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगाव तालुक्यात. शंकरपटाचा दुसरा दिवस. दाणीवरची धूळ अजून बसली नव्हती, भोंग्यावर निकाल सांगणं चालू होतं आणि पलीकडे रात्रीच्या नाटकाचा मंडप उभा राहत होता. झाडीपट्टी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग, या धानाच्या मुलखात चुरणं आटोपलं की गावोगाव पट भरतात. दिवसा दाणीवर, म्हणजे धावपट्टीवर, धुरकरी बैलजोड्या पळवतात, रात्री वडशाकडची नाटकमंडळी येतात. लेकी माहेरी येतात. घरोघरी पाहुण्यांच्या पंगती उठतात आणि अर्ध्या सोयरिकी याच दोन दिवसांत जमतात. आमची ताईही अशीच माहेरवाशिणीसारखी मामाकडे आली होती. फरक इतकाच, की ती वर्धा जिल्ह्यात जनावरांची डॉक्टर आहे आणि पटाला तिचा विरोध आहे. मामाजींनी तर हयात पटात घालवली. त्या रात्री कोठ्याच्या पडवीत दोघांचं जे बोलणं झालं, ते इथे देतो आहे. मधेमधे मी बोललो तेही येईल, कारण मला गप्प बसवलं नाही.

मामाजी : तू शेपटी पाहिली, खांदा पाहिला, खूर पाहिले. आता सांग, माह्या बैलाले काय कमी आहे? सरकीची ढेप, तुरीची चुनी, मक्याचा भरडा. घरात लेकराले दूध कमी पडन, पण याले खुराक कमी पडत नाही. पोरगा रोज पहाटे फिरवून आणते. गावात बाकीच्या बैलाईले पाय जी, तनसावर जगून रायले.

ताई : तुमच्या बैलाबद्दल मी बोलतच नाही, मामाजी. आज दाणीवर किती जोड्या होत्या? त्यातल्या किती बैलांच्या शेपट्या सरळ होत्या? मी उभी होते तिथून तीन बैलांच्या पुठ्ठ्यावर आरीचे ताजे टोचे दिसले. आरीची तुतारी आणायची नाही असा नियम आहे. काठीही नाही, चाबूकही नाही. मग ते टोचे आले कुठून?

मामाजी : लबाड लोक कुठं नसतात?

ताई : लबाड लोकांमुळेच तर २०१४ साली बंदी आली.

बंदीचं नाव निघालं आणि मामाजी गप्प झाले. त्याचं कारण मला ठाऊक होतं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा त्यांच्या दारात लाखाला मागितलेली जोडी होती. वर्षभर त्यांनी ती तशीच पोसली. मग एका पहाटे ती घेऊन बाजारात गेले आणि अठ्ठावीस हजारांत देऊन आले. त्या दिवशी मामी चुलीपाशी बसून रडत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मामाजी : तुमच्या त्या निकालात काय लिहिलं होतं, माहीत आहे का? बैल पळायले बनलाच नाही म्हणे. घोडा पळते, बैल फक्त ओझं ओढते.

ताई : लिहिलं होतं, आणि शरीररचनेपुरतं ते खोटं नाही. घोड्याचा खूर एकसंध असतो, बैलाचा दुभंगलेला. बैलाचं पोट म्हणजे चार कप्प्यांचं कोठार, सगळं धड पिंपासारखं. घोड्याच्या मागच्या पायांत जी झेप आहे ती याच्यात नाही. बैलाची नैसर्गिक चाल सावकाश. तो जिवाच्या भीतीनं पळतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

मामाजी : भीतीनं पळणारा बैल मी ओळखतो, बाई. डोळे पांढरे करते, शेपूट खाली घालते, दाणीबाहेर उडी मारते. अन् एक बैल असते, का झेंडी दिसली का त्याचे कान उभे होतात. जू मानेवर ठेवायच्या आधी मान खाली घालते. त्याले कोणती भीती? तुमच्या घोड्याले जॉकी चाबूक मारते, ते टीव्हीवर दाखवतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर टोपी घालून बाया बसतात पाहायले. तिथं बंदी नाही. काहून?

मला वाटलं, ताई इथं अडखळेल. ती अडखळली नाही.

ताई : घोड्यांच्या शर्यतीवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तो जुगाराबद्दल होता. ही शर्यत नशिबाची की कौशल्याची, एवढाच प्रश्न होता. कौशल्याची, असं न्यायालय म्हणालं. घोड्याला दुखतं का, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. म्हणजे घोड्याला कोणी निर्दोष ठरवलेलं नाही मामाजी, त्याच्याबद्दल तो प्रश्न तिथं विचारला गेला नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे, तराजू दोन आहेत. पण म्हणून बैलाचाही तराजू खोटा करायचा का?

मामाजी : पण मंग परवानगी तर त्याच कोर्टानं देल्ली ना.

ताई : दिली. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. पण कशाच्या आधारावर? नियम पाळले तर जनावराला होणारा त्रास बराच कमी होतो, या आधारावर. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, डॉक्टरची तपासणी, हजार मीटरच्या आतलं अंतर, काठी नाही, विजेचा धक्का नाही. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. तुम्हाला परवानगी मिळाली ती अटींची, मामाजी. गावाला वाटतं, सणाची मिळाली.

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. गावोगावी २०२२ पासून जे पट पुन्हा भरू लागले, त्यांच्या फलकांवर “परंपरा” हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. अटींचा कागद समितीच्या अध्यक्षाच्या घरी फायलीत असतो. त्याच २०२२ च्या पावसाळ्यात लम्पीची साथ आली, राज्यभर जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवाव्या लागल्या, तेव्हा बैल अंगभर गाठी घेऊन उभे होते आणि फलक छापणारे कुठं दिसत नव्हते. हे मी रागानं लिहितो आहे, कारण लस टोचायला ताईसारखीच माणसं दिवसाला चाळीस-चाळीस किलोमीटर मोटरसायकलनं फिरत होती.

पण मामाजींचा खरा मुद्दा अजून यायचा होता.

मामाजी : चाल, मानलं तुझं. उद्या पट बंद. मंग मले सांग, हा बैल कोण पोसन? माह्या बापाकडं चार नांगर होते. चिखलणीले आठ बैल एका बांधीत फिरत. आता ट्रॅक्टरले लोखंडी चाकं लावली का तासाभरात बांधी चिखलून मोकळी. बंडी कोणाकडं आहे? तुह्या मामीले विचार, मागच्या पोळ्याले तोरणाखाली किती जोड्या होत्या.

मामीनं आतूनच उत्तर दिलं, “अकरा.” थोड्या वेळानं म्हणाली, “तान्ह्या पोळ्याले लाकडाचे बैल याच्याहून जास्त होते.”

कोणी हसलं नाही. तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं चाकांचे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात तो सण. विदर्भाबाहेर तो फारसा कोणाला माहीत नाही. खऱ्या बैलाहून लाकडी बैल जास्त झाले, हे मामी बोलून गेली, आणि देशाची मोजणीही तेच सांगते. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ मध्ये ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत जवळजवळ तीस टक्के घट. गायी त्याच काळात अठरा टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे दुधाला गाय हवी, गोऱ्हा कोणालाच नको. घोड्यांचं तर विचारूच नका. ते आणि तट्टू मिळून सव्वासहा लाखांचे ३ लाख ४० हजार झाले.

ताई : आणि पुढे आणखी कमी होतील. आता लिंगनिश्चित वीर्यमात्रा आल्या आहेत. त्या भरल्या की शंभरात नव्वद कालवडी होतात. शेतकरी खूश आहे, मीही रोज भरते. संकराच्या गायीला गोऱ्हा झालाच तर त्याला वशिंड नसतं, जू मानेवर बसत नाही, उन्हात दम टाकतो. तो कामालाही जात नाही, पटालाही नाही. २०१५ च्या कायद्यानं राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. मग तो गोऱ्हा जातो कुठं? रस्त्यावर. देवरीकडून येताना महामार्गावर पाहा, रात्री दुभाजकावर बसलेले असतात.

मामाजी : तेच तर म्हणतो मी! पट आहे म्हणून तरी कोणी गोऱ्हा राखते.

ताई : कोणी राखतं? तुम्ही राखला? हा कबऱ्या तुमच्या गायीचा आहे?

मामाजी क्षणभर थांबले. “बाजारातून आणला म्हटलं ना.”

ताई : ज्याच्याकडून आणला, त्याच्या गायीचा?

मामाजी : तो दलाल होता. बालाघाटकडचा माल आहे म्हणाला.

ताई : गाय कोणती? वळू कोणता?

मामाजी : ते कोण विचारते, बाई? दात पाहिले, वशिंड पाहिलं, पायाची नळी पाहिली, चालवून पाहिला. पळणारा आहे का नाही, ते डोळ्याले दिसते.

इथून बोलण्याची दिशा बदलली. तोवर पट चांगला की वाईट असा वाद होता. आता पटाचा बैल येतो कुठून, हे दोघंही शोधू लागले. आणि मला वाटतं, पटाबद्दलचा खरा प्रश्न हाच आहे. न्यायालयात किंवा मोर्चात तो कोणी मांडलेला मी तरी ऐकला नाही.

ताई शिकत असताना महिनाभर पुण्यात घोड्यांच्या तबेल्यात काम करायला गेली होती. तिथलं तिला आठवलं.

ताई : पुण्यात स्टड बुकचं कार्यालय आहे. देशात शर्यतीचं शिंगरू कुठंही जन्मलं तरी त्याची नोंद तिथं होते, रक्त तपासून आईबाप पक्के केले जातात. कोणत्याही घोड्याची आई, तिची आई, तिची आई असं मागं मागं जाता येतं. इंग्लंडात ही वही १७९१ पासून चालू आहे. आणि तुमच्या कबऱ्याची नोंद काय? बालाघाटकडचा माल.

मामाजी : ते श्रीमंताचे घोडे आहेत, बाई.

ताई : श्रीमंतांचे आहेत. पण मी तुम्हाला शेतकऱ्यांच्या घोड्याची गोष्ट सांगते. हॉलंडमध्ये शेतकरी घोड्यानं नांगरत. चिकणमातीतले जड घोडे निराळे, रेताड जमिनीतले हलके निराळे. महायुद्धानंतर तिथं ट्रॅक्टर आले आणि घोडा दारात नुसता उभा राहिला, अगदी तुमच्या बैलासारखा. तिथल्या शेतकऱ्यांच्या संघांनी काय केलं? नांगराची घोडी ठेवली, तिला हलक्या, चपळ जातीचा वळू दिला आणि प्रत्येक शिंगराची वही ठेवली. कोण उडी चांगली मारतो, कोणाचा पाय लवकर दुखतो, कोण शांत आहे. १९७० च्या सुमारास वेगवेगळ्या वह्या एक झाल्या. आज ऑलिंपिकला उड्या मारणारे कितीतरी घोडे त्या नांगराच्या घोड्यांच्या वंशातले आहेत. खेळानं तिथं जनावर वाचवलं, मामाजी. पण वही होती म्हणून वाचवलं.

मी : आणि आपल्याकडे?

ताई : आपल्याकडे २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं. घोडेस्वारीत सुवर्ण आलं ते १९८२ च्या दिल्लीनंतर एकेचाळीस वर्षांनी. चौघांतला हृदय छेडा आपल्या मुंबईचा. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण चारही घोडे युरोपातल्या पैदाशीचे, राहायला युरोपात, सरावही तिथंच. इथून घोडा बाहेर न्यायचा तर रोगराईच्या नियमांमुळे विलगीकरणाचं मोठं लफडं. मेरठला लष्कराच्या केंद्रात रोगमुक्त कक्ष झाला आणि त्याला जागतिक मान्यता मिळाली ती २०२५ मध्ये. मराठ्यांनी ज्याच्यावरून मुलूख पालथा घातला त्या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नाव मिळालं तेही अलीकडेच. तोवर तो बारामतीकडे मेंढपाळांची भांडी आणि कोकरं वाहत फिरत होता. स्वार आपला, पदक आपलं, घोडा मात्र परका.

मामाजी : आमचा बैल तर आपलाच आहे ना!

ताई : आहे. म्हणून तर जीव तुटतो.

मग ती गवळाऊबद्दल बोलली. मी तिला इतकं मोकळं बोलताना क्वचित पाहिलं आहे. वर्ध्यापासून शिवनी, बालाघाटपर्यंतची ही जात. पांढरी, सडपातळ, लांबट तोंडाची. नागपूरकर भोसल्यांच्या काळात मराठी फौजांचं सामान डोंगराळ वाटांनी झटपट पोचवायला ही जनावरं वापरत आणि त्या कामासाठीच ती निवडून निवडून हलकी, पळणारी झाली, असं जनावरांच्या जुन्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे न्यायालय म्हणालं बैल पळण्यासाठी नाही, आणि आपल्याच मुलखात दोनशे वर्षांपूर्वी लोकांनी पळण्यासाठी बैल घडवला होता. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे. आणि आपल्या धानपट्ट्यातली बुटकी, काटक कठाणी. चिखलात न फसणारी, तनसावर जगणारी. तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळून काही वर्षंच झाली आहेत. ती पटाची नाही, बांधीची आहे.

ताई : आता मला सांगा, पटाच्या नामी बैलाचं तुम्ही काय करता?

मामाजी : जपतो.

ताई : खच्ची करता. नाकात वेसण घालता, खच्ची करता, मग जुंपता. पळणारा खरा निघाला हे कळतं तोवर तो खच्ची झालेला असतो. त्याचा वंश तिथंच संपला. घोड्यांत शर्यत जिंकलेला वळू होतो. इथं जिंकलेला बैल एकटा जन्मतो आणि एकटा मरतो. त्याचं रक्त पुढे न्यायचं तर एकच वाट उरते. त्याची आई शोधायची, बहीण शोधायची, बाप जिवंत असला तर तो शोधायचा. आणि तुम्हा कोणाला ते माहीतच नाही. शंभर वर्षं पट खेळलात मामाजी, पण पळणारा बैल कसा होतो हे गावाला काडीचं कळलं नाही. दरवर्षी बाजारात जाऊन नशीब विकत आणता.

मामाजींना हे लागलं. ते उठले, कोठ्यात गेले, कबऱ्याच्या पुढ्यात मूठभर चुनी टाकली आणि परत येऊन बसले. बोलले तेव्हा आवाज खाली आला होता.

मामाजी : माह्या बापाले माहीत होतं. त्याच्या काळात आखरावर गुरं राखणारा गायकी गोहन घेऊन बसे. कोणती गाय कोणत्या वळूले गेली ते गायक्याले पाठ. बाप त्याले विचारून गोऱ्हा राखे. “लालीचा गोऱ्हा खच्ची करू नको,” असा निरोप येई. देवाले सोडलेला वळू गावात असे. आता आखराची जागा गेली, चराई गेली, जंगलात गुरं घालू देत नाहीत, गायकी कोणी होत नाही. वही नव्हती, बाई. पण माणूस होता.

ताई : हेच म्हणते आहे. तो माणूस गेला, त्याच्या जागी काही आलं नाही.

इथं मला माझं मत सांगायला हवं. मी पटाच्या बाजूचा आहे. दाणीवर जोडी सुटते तेव्हा पोटात जो खड्डा पडतो तो मला लहानपणापासून ठाऊक आहे आणि तो मी नाकारणार नाही. पण ज्या रीतीनं आपण पट परत आणला, ती रीत मला पटत नाही. आपण दाण परत मिळवली, घड्याळ आणलं, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजायला लागलो, बक्षिसात मोटरसायकली आल्या. बक्षीस मालकाला, टाळ्या धुरकऱ्याला, हारतुरे पुढाऱ्याला. ज्या बाईनं पहाटे उठून ती गाय धुतली, वासराला पुरेसं दूध सोडलं, गोऱ्हा झाला म्हणून बाजाराला न हाकलता दोन वर्षं दारात ठेवला, तिच्या पदरात काय पडलं? दलालानं दिले ते पाच-सात हजार. ती पुढच्या वेळी लिंगनिश्चित मात्रा भरून घेईल, आणि मी तिला दोष देणार नाही.

पश्चिम महाराष्ट्रात खिलारचं थोडं बरं चाललं आहे. तिकडे पळणाऱ्या बैलाच्या घराण्याचं नाव घेतात, वळूला मागणी असते, गायीवाल्याला चार पैसे मिळतात. आपल्याकडे ते नाही. आपण फक्त पळवतो.

मामाजी : अन् म्हाताऱ्या बैलाचं काय, तेही विचार ना. विचारशील म्हणून मी वाट पाहून रायलो.

ताई : तुम्हीच सांगा.

मामाजी : जुना पांढऱ्या, याच्या आधीचा. अकरा पट जिंकला. दोन वर्षं नुसता बांधून खाऊ घातला. मागच्या उन्हाळ्यात बसला, उठलाच नाही. वावरात पुरला, मीठ टाकून. पण मी पुरला. बाकीचे काय करतात ते मले माहीत आहे अन् तुलेही माहीत आहे. पुण्याच्या घोड्याचं काय होते?

ताई : पूर्वी म्हातारे घोडे हाफकिन संस्थेला देत. त्यांच्या रक्तातून विंचू, साप, धनुर्वातावरचं प्रतिविष काढत. पूनावालांच्या घोड्यांवरूनच तर पुढे सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सगळ्यांचं भलं होतं असं मी म्हणत नाही. पण तिथं घोडा कुठं गेला ते लिहिलेलं असतं.

मामाजी : पुन्हा वहीच.

ताई : पुन्हा वहीच.

नाटकाची पहिली घंटा झाली. मामी शाल घेऊन बाहेर आली, आम्हाला उठवू लागली. ताई जाता जाता पुन्हा कबऱ्यापाशी थांबली आणि त्या गाठीवर बोट ठेवून म्हणाली, “मामाजी, पुढच्या वर्षी शेपटी मोडलेली जोडी दाणीवर घ्यायची नाही, असा ठराव करा. जुनी असो, नवी असो. मग बाजारात मोडक्या शेपटीच्या बैलाची किंमत पडेल आणि पिळणारा आपोआप थांबेल.”

“मंग माह्या कबऱ्या कसा पळन?”

“नाही पळणार.”

मामाजींनी कबऱ्याकडे पाहिलं. उत्तर त्यांनी त्या रात्री दिलं नाही. ताईनंही आग्रह धरला नाही, आणि पटाला माझा विरोध नाही असंही ती म्हणाली नाही. दोघं मंडपाकडे बरोबर चालत गेले.

मी मात्र सकाळी समितीच्या माणसाकडून जोडीच्या नोंदणीचा कोरा अर्ज मागून घेतला. त्यात मालकाचं नाव, गाव, मोबाईल नंबर, धुरकऱ्याचं नाव, बैलाचा रंग, दात आणि डॉक्टरचा दाखला, एवढे रकाने आहेत. त्याखाली मी पेनानं तीन ओळी आखल्या. बैल कोणत्या गायीचा, वळू कोणता, ती गाय कोणाच्या दारची. माहीत नसेल तर “माहीत नाही” असं लिहावं, पण रकाना रिकामा सोडू नये. आणि पहिल्या तीन जोड्यांच्या बक्षिसातला चौथा हिस्सा त्या गायीच्या धन्याला द्यावा, तो सापडला तर. पहिल्या वर्षी बहुतेक रकान्यांत “माहीत नाही” येईल. दुसऱ्या वर्षी दलाल माहिती आणू लागतील, कारण तिला किंमत असेल.

मामाजींच्या गावची समिती होळीनंतर हिशेबाला बसते. हा अर्ज घेऊन मी तिथं जाणार आहे. ताईनं यायचं कबूल केलं आहे. तुमच्या गावात पट भरत असेल, तर तुमच्या समितीपुढेही या तीन ओळी ठेवा.